कोपरा कापलेली कूपनं

सूनबाई नोकरी काय करते असं कोणी विचारलं की तिची पंचाईत व्हायची. किराणा दुकानांच्या एका मोठ्या साखळीच्या मुख्य कचेरीत बसून ती कूपनं काढायची. दर गुरुवारी घरोघरच्या पत्रपेट्यांत जे रंगीत पत्रक पडतं, साबणावर दहा कमी, चहावर पंधरा कमी, ठिपक्यांच्या रेषेवर कापा आणि घेऊन या, ते तिच्या टेबलावर जन्माला यायचं. आणि गंमत बघा, ती कूपनं फारशी कोणी वापरू नयेत यावरच सगळा खेळ होता. शंभर छापली की पाच-सहा परत येतात. बाकीची माणसं कापायची विसरतात, कापून घरी विसरतात, नाहीतर तारीख उलटल्यावर घेऊन येतात आणि वर हुज्जत घालतात. माणसाच्या या विसरभोळेपणावर साखळीची गाडी सुरळीत चालली होती.

त्यावरूनच सूनबाईने एक नियम काढला होता. खरा माणूस चुकतो. जिथे चूकच सापडत नाही तिथे चोरी शोधा. नियम तिने स्वतःच्या हुशारीवर काढला होता आणि साहेबांना तो इतका आवडला की त्यांनी तो भर बैठकीत वाचून दाखवला. त्या दिवशी ती घरी अशी आली की जणू पायाला जमीनच लागत नव्हती. हुशार माणसांचं हे असंच असतं, एकदा शाबासकी मिळाली की पुढचे सहा महिने डोळे झाकून चालतात.

त्या नियमाच्या जाळ्यात पहिली सापडली ती नदीपलीकडच्या दुकानातली चार नंबरच्या काउंटरवरची बाई. तिच्या काउंटरवर दर सोमवारी सकाळी, गिऱ्हाईक तुरळक असताना, एकामागून एक चौदा-पंधरा लहान लहान बिलं व्हायची. सगळी रोखीची. प्रत्येकावर तीन-चार कूपनं. वर्षभरात दोन हजारांच्या वर कूपनं त्या एका काउंटरवर आली होती आणि त्यातलं एकही तारीख उलटलेलं नव्हतं, एकही चुकीच्या वस्तूवर लावलेलं नव्हतं. शिवाय प्रत्येकाचे कोपरे कात्रीने नीट उडवलेले होते. सूनबाईने अहवालात स्पष्ट लिहिलं, की काउंटरवरची बाई गिऱ्हाइकाकडून पूर्ण पैसे घेत असावी, मागाहून स्वतःच आणलेलं कूपन बिलाला लावत असावी आणि मधले पैसे खिशात घालत असावी. कापलेले कोपरे ही तिची मोजदादीची खूण. साहेबांनी अहवाल वाचला, पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाले, शुक्रवारी पत्र देऊन टाकू. एकोणीस वर्षांची नोकरी शुक्रवारी दुपारी संपणार होती.

आता इथे कोणीही हात झटकून मोकळं झालं असतं. पण सूनबाईच्या मनाला काहीतरी लागून राहिलं. मंगळवारी ती त्या दुकानात गेली, निदान बाईचं तोंड तरी बघावं म्हणून.

बाई पन्नाशीच्या पुढची होती. चष्मा दोरीने गळ्यात, अंगठ्यावर नोटा मोजायची रबरी टोपी. रडारड नाही, गयावया नाही. तिने जे कचेरीत सांगितलं होतं तेच पुन्हा सांगितलं, की सोमवारी एक वयस्कर बाई येतात, सोबत चौदा-पंधरा पाकिटं असतात, प्रत्येक पाकिटात यादी, कूपनं आणि पैसे. त्या वेगवेगळी बिलं मागतात आणि ती करून देते. एका बिलावर एका वस्तूचं एकच कूपन, नियम एवढाच आहे आणि तो त्या बाईंनी कधी मोडला नाही. नाव विचारलेलं नाही. घर कुठे, माहीत नाही. इतकी बिलं करायचा कंटाळा येत नाही का, असं सूनबाईने विचारलं तेव्हा मात्र ती पहिल्यांदा हसली.

"कंटाळा? अहो, एकोणीस वर्षांत इतकं नेटकं काम मी कोणाचं बघितलं नाही. त्या येतात म्हणून मी सोमवारची सुट्टी कधी घेतली नाही."

सूनबाई परत निघाली ती आणखीच गोंधळून. चोर असं बोलत नाहीत. पण एकटी बाई, वर्षाला दोन हजार कूपनं आणि एकही चूक नाही? छे! हे कोणाला तरी पटेल का? कूपनं लोक कशी हरवतात हे तिच्याइतकं कोणाला माहीत होतं?

बुधवारचा दिवस असाच गेला. गुरुवारी तिने त्या कूपनांचा एक जाडजूड गठ्ठा पिशवीत टाकला, डोकं दुखतंय म्हणून लवकर निघाली आणि सासूबाईंकडे गेली. गुरुवारी ती तिकडे जायचीच. स्वतःच्या घरचं पत्रक आईंना नेऊन द्यायचं, चहा प्यायचा, अर्धा तास बसायचं. आईंना कूपनं कापायचा नाद होता हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. इमारतीतली माणसं त्यांना कात्रीमावशी म्हणायची आणि त्यांचा मुलगा, म्हणजे सूनबाईचा नवरा, तर चिडवायचा की आईला कूपन दाखवलं तर ती विमानसुद्धा विकत घेईल. म्हातारपणचा विरंगुळा, असं समजून सूनबाईनेही त्याकडे कधी धड बघितलं नव्हतं. ती पोचेपर्यंत एरवी टेबल पुसलेलं असायचं आणि चहा उकळत असायचा. आज ती दोन तास आधी पोचली.

दार अर्धवट उघडं होतं. आई टेबलाशी बसल्या होत्या, एका गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी. समोर चौदा पत्रकं पसरलेली. दाराच्या मागच्या भिंतीवर कापडाचा एक लांब पडदा टांगला होता आणि त्यावर कप्पे शिवलेले, सात ओळी, दोन-दोन कप्पे, जशी ती इमारत सात मजल्यांची आणि मजल्यावर दोन-दोन घरं. इतकी वर्षं त्या दारातून ये-जा करून सूनबाईने हा पडदा पाहिला नव्हता, कारण दार पूर्ण उघडलं की तो झाकला जायचा आणि पाहुण्यासाठी दार नेहमी उघडलेलंच असायचं. आज ते अर्धंच उघडलेलं होतं, इतकंच.

आईंनी मान वर न करता तिला बस म्हटलं. एक कूपन कापलं, उलटं केलं, पेन्सिलने मागे पाच बारीक टिंबं दिली. मग ते सुलटं करून वरचा उजवा कोपरा कात्रीने कच् करून उडवला आणि कूपन पाचव्या कप्प्यात टाकलं.

सूनबाई खुर्चीवर बसली. पिशवीतला गठ्ठा काढला, वरचं कूपन उलटं केलं. मागे नऊ टिंबं. दुसऱ्यावर दोन. तिसऱ्यावर तेरा. दहा दिवस तो गठ्ठा तिच्या टेबलावर पडून होता आणि तिने एकही कूपन उलटून बघितलं नव्हतं.

"आई, तुम्ही इमारतीखालच्या आमच्या दुकानात नाही जात?"

नाही जात, असं आईंनी सांगितलं. खालच्या दुकानात कूपन काढलं की मुलं तोंड वाकडं करतात, मागचे लोक सुस्कारे टाकतात. नदीपलीकडे एक बाई आहे, ती कधी कपाळाला आठी घालत नाही. तिच्यासाठी दोन बस बदलून जायचं. कोपऱ्यांचं विचारलं तर म्हणाल्या, त्यात काय एवढं, एक कोपरा उडवलेला म्हणजे महिन्याचा पहिला सोमवार, दोन उडवलेले म्हणजे दुसरा, तीन म्हणजे तिसरा. चारही उडवलेले म्हणजे शेवटचा, आता हे गेलंच पाहिजे.

मग सूनबाई विचारत गेली आणि आई कात्री चालवता चालवता सांगत गेल्या, आणि चहा टाकायचं राहूनच गेलं. जिन्याखाली बुटांचं एक खोकं ठेवलेलं असतं, त्यात चौदा घरं आपापली पत्रकं टाकतात. ज्या घरात मांजर नाही तिथलं मांजराच्या खाऊचं कूपन मांजरवाल्यांच्या कप्प्यात जातं. ज्यांचं बाळ आता दीड वर्षाचं झालं त्यांची लंगोटांची कूपनं वरच्या मजल्यावरच्या नव्या बाळाकडे. कोणाच्या घरी साबणाची वडी नऊ दिवस पुरते, कोणाकडे सोळा. कोणाकडे चहा महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात संपतो, कारण मुलगी परीक्षेला बसली आहे आणि घर पहाटेच उठतं. कुठली वस्तू आज स्वस्त झाली तरी तीन आठवड्यांनी आणखी उतरणार आहे, हे आईंना पाकिटावरच्या नव्या चित्रावरून कळायचं. चित्र बदललं की जुना माल काढायला सेल लागतो. सेल कधी लावायचा हे ठरवायला कचेरीत सात माणसं तीन दिवस बसायची. आईंनी तो गुडघ्यावर गरम पिशवी ठेवून आधीच ओळखलेला असायचा.

चौदा घरांचा साबण, तांदूळ, चहा, दुखणी, परीक्षा, बाळंतपणं, सगळं या बाईच्या डोक्यात एकाच वेळी चालू होतं, आणि आपण तिला विरंगुळा म्हणत होतो. तिला आपल्या नियमाची लाज वाटली, आणि त्या लाजेपेक्षाही मोठं काहीतरी वाटलं. उंच डोंगराच्या पायथ्याशी उभं राहून वर बघावं तसं तिला झालं.

"आणि आई, कोणाची अडचण असली तर? ते सांगतात तुम्हाला?"

"सांगतं कोण गं?" आई म्हणाल्या. "पत्रक सांगतं. जे घर पत्रक अख्खं टाकायचं, त्या घरचं पत्रक एके दिवशी भोकं पडून येतं. तेलाचं, तांदळाचं कूपन आधीच कापून घेतलेलं असतं. मग त्या घराला काही विचारायचं नाही. त्याच्या कप्प्यात दोन जास्त टाकायची आणि गप्प बसायचं."

एवढं झाल्यावर सूनबाईने मन घट्ट करून सगळं सांगितलं. नियम, अहवाल, शुक्रवार, पत्र. आईंनी कात्री खाली ठेवली. त्या तिला रागावल्या नाहीत, ते तिला जास्त लागलं. त्यांनी फक्त विचारलं की उद्या किती वाजता जायचं, आणि एक अट घातली, की कोणाच्या घरात काय येतं ते कचेरीत सांगायचं नाही. टिंबं म्हणजे घर हेसुद्धा तिथे कोणाला कळता कामा नये. सूनबाई म्हणाली, मग पटवायचं कसं? आई म्हणाल्या, ते माझ्यावर सोड.

शुक्रवारी सकाळी साहेबांच्या खोलीत आई खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या, मांडीवर पर्स, पायात घरातल्या मऊ चपला, कारण गुडघा सुजला होता. टेबलावर ते पत्र सहीसाठी तयार होतं. साहेब सभ्य होते पण साधे नव्हते. त्यांनी सूनबाईला तोंडावरच सांगितलं, की संशय एका बाईवर आणि सोडवायला आली तुमचीच सासू, हे मला वरिष्ठांना सांगता यायचं नाही. मग त्यांनी कूपनांची सीलबंद पिशवी फोडून आत हात घातला, मधूनच एक काढलं आणि आईंपुढे ठेवलं. काउंटरचं यंत्र कूपनावर बिलाचा क्रमांक छापतं, तो त्यांनी कागदाची पट्टी चिकटवून झाकला. स्वतःच्या संगणकावर त्यांना सगळं दिसत होतं.

आईंनी कूपन उलटून मागचं बघितलं, सुलटं करून कोपरे बघितले. म्हणाल्या, हे चहाचं कूपन आहे, म्हणजे ऑगस्टातलं, तेव्हाच चहावर वीस कमी होते. दुसरा सोमवार. त्या दिवशीचं सहावं बिल. त्या बिलात साखर असेल, आणि कपडे धुवायची पावडर लहान पाकिटातली, मोठी नाही.

साहेबांनी बघितलं. सहावं बिल. साखर. लहान पावडर.

त्यांनी दुसरं काढलं. आईंनी सांगितलं. तिसरं काढलं. मग पेनाचं टोपण बाजूला पडलं, शेजारच्या खोलीतली दोन माणसं दारात येऊन उभी राहिली, पाणी घेऊन आलेली बाई तांब्या हातात धरून तिथेच थांबली. अकरा कूपनं झाली. बारा झाली. आई प्रत्येकाला तेवढाच वेळ घेत होत्या, भाजी निवडताना घ्यावा तेवढा. दोनदा त्यांनीच साहेबांना थांबवून सांगितलं की हे बिल तुम्हाला सापडायचं नाही, त्या सोमवारी यंत्र बंद होतं, हाताने लिहिलेल्या पावत्यांत बघा. ते तसंच निघालं. सूनबाईचे डोळे भरून आले होते आणि तिला त्याची फिकीर नव्हती.

पण साहेबांच्या कपाळावरची आठी जाईना. शेवटी ते बोललेच, की हेच तर माझं दुखणं आहे, माणसाचं एकही चुकत नाही असं होतं कुठे? आता खूण बघून उत्तर आलं, हे पाठ केलेलंही असू शकतं. त्यांनी तळातून तेरावं कूपन काढून आईंच्या हातात दिलं. तेलाचं होतं. मार्चमधलं.

आईंनी ते उलटून बघितलं. नेहमीपेक्षा जास्त वेळ बघितलं. मग टेबलावर ठेवून साहेबांकडे सरकवलं.

"हे मला आठवत नाही."

"नीट बघा ना."

"बघितलं. नाही आठवत. वय झालं आता."

आणि साहेब चक्क हसले. खुर्चीत मागे टेकले, अंगावरचं ओझं उतरल्यासारखे. म्हणाले, चला, एक तरी चुकलं, म्हणजे बाकीची बारा खरी! सूनबाईचाच नियम त्यांनी सूनबाईला ऐकवला आणि टेबलावरचं पत्र उचलून दोनदा फाडलं. नदीपलीकडच्या दुकानात फोन गेला. चार नंबरच्या काउंटरवरच्या बाईला त्यांनी स्वतः सांगितलं की झालं ते विसरा, कामावर राहा. तिने आभार वगैरे मानले नाहीत म्हणे. एवढंच विचारलं, की त्या बाईंचा गुडघा दुखत होता, सोमवारी येतील ना?

सूनबाईचं मात्र तिकडे लक्ष नव्हतं. तेरावं कूपन टेबलावर उलटं पडलं होतं आणि मागे टिंबं नव्हती. पेन्सिलने काढलेलं एक लहान वर्तुळ होतं. पडद्यावर चौदा कप्पे होते, चौदा घरांना एक ते चौदा टिंबं. वर्तुळाचं घर त्या इमारतीत नव्हतंच. तिने कूपन उचललं, पट्टी सोलून क्रमांक वाचला. सोमवारचं शेवटचं बिल. पंधरावं.

मार्च. फेब्रुवारीत तिच्या नवऱ्याची नोकरी गेली होती. चार महिने तो रोज सकाळी डबा घेऊन घराबाहेर पडायचा आणि वाचनालयात बसायचा, कारण आईला कळलं तर तिला झोप लागणार नाही असं दोघांनी ठरवलं होतं. एकट्या सूनबाईच्या पगारात घरभाडं निघायचं, पुढचं सगळं ओढाताणीचं. दोघांनी कोणाला ताकास तूर लागू दिली नव्हती, निदान त्यांना तसं वाटत होतं. त्या चार महिन्यांत दर गुरुवारी ती आईंना पत्रक नेऊन द्यायची ते घरीच तेलाचं आणि तांदळाचं कूपन कापून घेऊन. भोकं पडलेलं पत्रक. आणि दर गुरुवारी निघताना आई तिच्या हातात पिशवी ठेवायच्या. तेलाचा डबा, तांदूळ, साबण. घेऊन जा बाई, एकावर एक फुकट होतं, मला एकटीला काय करायचंय एवढं.

एकावर एक फुकट. साखळीतली प्रत्येक सवलत जिच्या टेबलावरून जायची तिने हे चार महिने ऐकलं होतं, पिशवी उचलली होती आणि आईंना बरं फुकटात मिळतं म्हणून नवऱ्याबरोबर हसलीही होती. एकदाही तिच्या मनात आलं नाही की अशी सवलत आपण काढलीच कधी.

कचेरीतून बाहेर पडल्यावर दोघी बसथांब्यावर बसल्या. ऊन चांगलं होतं. आईंनी पर्समधून या आठवड्याचं पत्रक काढलं आणि नखाने ठिपक्यांच्या रेषेवर घड्या घालायला लागल्या, कात्री घरी राहिली होती म्हणून. सूनबाई त्या बोटांकडे बघत होती. विचारायचं नाही, गप्प बसायचं, हा आईंचा नियम तिने कालच ऐकला होता. पण ती काही आई नव्हती, तिच्याने राहवलं नाही.

"आई, तेलावर एकावर एक फुकट अशी योजना आम्ही कधीच काढली नव्हती."

आईंनी घडी पुरी केली, बोटाने दाबून तिची कड नीट केली.

"हो का?" त्या म्हणाल्या. "मग दुकानाचीच काहीतरी चूक झाली असेल."

तेवढ्यात बस आली. सूनबाईने त्यांचा हात धरला आणि गुडघ्याला लागू नये म्हणून सावकाश वर चढवलं.